चौदा ते अठरा: गळतीची चार वर्षे

अक्कलकोटहून दुधनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मैंदर्गी लागते. दहा-बारा हजार वस्तीचे, नगरपरिषद असलेले हे जुने गाव. सोलापूर इथून पन्नासएक किलोमीटर, आणि दुसऱ्या बाजूला दुधनी ओलांडली की कर्नाटकाचा कलबुर्गी जिल्हा सुरू होतो. बहुतेक घरांत कन्नड बोलतात, सरकारी कागद मराठीत येतो, काही मोहल्ल्यांत उर्दू चालते. शेतात तूर, ज्वारी, आणि पाणी असेल तिथे ऊस. मुले शाळा का सोडतात, या प्रश्नाकडे पाहायला असे गाव फार उपयोगी पडते. अभ्यासक जी कारणे वेगवेगळ्या प्रकरणांत मांडतात, ती सीमेवरच्या या पट्ट्यात एकाच घरात एकत्र नांदत असतात: शेतीचा हंगाम, कामासाठी गाव सोडणे, मुलीचे लवकर लग्न, शिकण्याची भाषा आणि पुढच्या शाळेचे अंतर.

जगाचा आकडा मोठा आहे. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे सुमारे २५.१ कोटी मुले आणि किशोरवयीन शाळेबाहेर होते. त्यातला मोठा भाग आफ्रिकेच्या सहाराखालच्या देशांतला आणि दक्षिण आशियातला. मात्र या आकड्यात कधीच शाळेत न गेलेले मूल आणि नववीच्या सहामाहीनंतर घरी बसलेली मुलगी एकाच रकान्यात मोजली जातात. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पहिल्या प्रकारची मुले आता थोडी उरली आहेत. आपला खरा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि त्याकडे पाहताना आपण अजून पहिल्याच प्रश्नाची उत्तरे वापरतो.

सर्वांत सोपे उत्तर म्हणजे 'आईबापांनाच शिक्षणाची किंमत नाही'. शिक्षकांच्या खोलीत, पंचायतीत, वर्तमानपत्रांत ते सारखे ऐकू येते. ते खरे नाही, हे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रोब' अहवालाने उत्तर भारतातल्या खेड्यांची पाहणी करून दाखवले. आपली मुले शिकावीत असे वाटणारे आईबाप गरिबांतही प्रचंड बहुमतात होते. त्यांची तक्रार होती ती शाळेबद्दल, गैरहजर शिक्षकांबद्दल आणि वह्या-कपड्यांच्या खर्चाबद्दल. तरीही दोष पालकांवर टाकण्याची सवय गेली नाही, कारण तो दोष कोणाच्याच अंदाजपत्रकाला खर्चात पाडत नाही.

खरे म्हणजे आपल्याकडे हे त्याच्याही कितीतरी आधी सांगून झाले होते. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी कष्टकरी जातींची मुले शाळेत येतात पण टिकत नाहीत, याची कारणे मांडली: दारिद्र्य, आणि शाळेत थांबावे असे खास प्रोत्साहन काही नसणे. कुठले तरी काम मिळाले की ती साहजिकच शाळा सोडतात, हे त्यांनी नोंदवले. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणीही त्यांनी केली. पुढे बडोद्यात सयाजीरावांनी आणि कोल्हापुरात १९१७ साली शाहू महाराजांनी सक्तीचा कायदा आणला. संस्थानांना जे साधले, ते गोखल्यांच्या १९११ च्या विधेयकाला ब्रिटिश हिंदुस्थानात साधता आले नाही. ते विधेयक फेटाळले गेले.

गळती मोजण्याचे काम सुरू झाले ते हार्टोग समितीपासून. १९२९ च्या अहवालात या समितीने दाखवले की पहिलीत बसलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचणारी फक्त १८ होती. कोल्हापूर जिल्ह्यातून वर आलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी पुढे आयुष्यभर या 'गळती आणि कुंठितते'चा, म्हणजे शाळा सोडण्याचा आणि एकाच इयत्तेत अडकून राहण्याचा, पाठपुरावा केला. त्या काळी मूल पहिली-दुसरीतच हरवत असे. आज तसे राहिलेले नाही. शाळांच्या सरकारी 'युडायस' नोंदणीच्या २०२१-२२ च्या आकडेवारीत महाराष्ट्राचे प्राथमिक स्तरावरचे गळतीचे प्रमाण जवळजवळ शून्य दाखवले आहे, आणि नववी-दहावीचे १०.७ टक्के. देशाचे नववी-दहावीचे प्रमाण १२.६ टक्के होते. पटसंख्या फुगवली जाते, गैरहजर मुलाचे नाव महिनोन्महिने पटावर राहते, हे सगळे धरूनही चित्र स्पष्ट आहे. गळती संपलेली नाही, ती सहा-सात वर्षांच्या मुलाकडून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडे सरकली आहे.

ती तिथेच का जाऊन थांबली, याचे उत्तर मला कायद्याच्या पुस्तकात सापडते. राज्यघटनेच्या मूळ कलम ४५ ने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण द्यायला सांगितले होते. म्हणजे मुदत १९६० ला संपत होती. ते प्रत्यक्ष हक्क म्हणून यायला २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा यावा लागला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तोही सहा ते चौदा वयासाठी. फुल्यांनी १८८२ मध्ये बारा वर्षे मागितली होती. १२७ वर्षांत आपण दोन वर्षे पुढे सरकलो. बालकामगार कायद्याने २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदापर्यंत कामावर ठेवायला बंदी घातली, पण त्याच दुरुस्तीने घरच्या उद्योगात शाळेच्या वेळेनंतर मुलाने मदत करायला मोकळीक दिली आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना फक्त धोकादायक कामांपासून वाचवले. मुलीच्या लग्नाचे वय मात्र अठरा. तीन कायदे एकमेकांशेजारी ठेवले तर चौदा ते अठरा ही चार वर्षे उघडी पडतात. शिकवण्याची जबाबदारी सरकारवर नाही, कामाला लावायला मनाई नाही, आणि लग्न लावायला बंदी आहे, पण मुलगी शाळेत नसेल तर ती बंदी पाळली जाते की नाही हे पाहणारे कोणी नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते अठरा वयापर्यंतच्या सार्वत्रिक शिक्षणाची भाषा आहे. कायदा अजून चौदावरच उभा आहे.

सोलापूर जिल्ह्यात या उघड्या वर्षांत काय घडते, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने सांगितले आहे. वीस ते चोवीस वयाच्या विवाहित-अविवाहित सर्व स्त्रियांपैकी अठरा पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होते. सोलापूर जिल्ह्यात ते ४० टक्क्यांच्या घरात होते, म्हणजे राज्याच्या जवळजवळ दुप्पट. परभणी आणि बीड यांच्या रांगेत बसणारा हा जिल्हा आहे. ऊसतोड आणि बालविवाह यांचा संबंध बीडच्या संदर्भात खूप बोलला गेला. सोलापुरात साखर कारखाने तिसांवर आहेत, राज्यातले सर्वांत जास्त, पण इथल्या मुलींबद्दल तेवढे बोलले गेले नाही.

लग्नामुळे शाळा सुटते की शाळा सुटल्यामुळे लग्न होते, हा अभ्यासकांचा जुना वाद आहे. सोलापूरच्या खेड्यांत मला दुसरी दिशा जास्त खरी वाटते. गावातली शाळा सातवीला किंवा आठवीला संपते. पुढची शाळा दुसऱ्या गावात. एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही. मुलगी 'मोठी झाली', तिला एकटीला पाठवायचे कसे, म्हणून ती घरी राहते. घरी राहिलेली मुलगी दिवसभर रानात जाते किंवा धाकट्यांना सांभाळते, आणि 'घरी बसलीच आहे तर' या चार शब्दांवर स्थळे यायला लागतात. बापाची भीती खोटी नसते. आई रानात, बाप गवंड्याच्या हाताखाली, आणि पंधरा वर्षांची मुलगी घरात एकटी, ही परिस्थिती त्याला रोज दिसत असते. त्याला शाळेइतकी सुरक्षित जागा दिवसाचे सहा-सात तास मिळाली असती, तर पुष्कळ लग्ने दोन-तीन वर्षे आपोआप पुढे गेली असती. मार्च २०२० पासून प्राथमिक शाळा दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिल्या, माध्यमिकही कित्येक महिने बंद होत्या. तेव्हा हेच उलट बाजूने दिसले. शाळा बंद झाली आणि थोड्या माणसांत, थोड्या खर्चात लग्ने उरकली गेली.

मुलांचा, म्हणजे मुलग्यांचा, रस्ता वेगळा आहे. या भागात तुरीची रास डिसेंबर-जानेवारीत होते, रब्बी ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि दहावीची परीक्षाही त्याच सुमारास. काढणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. मुलगा आठवडाभर रानात राहतो, मग पंधरा दिवस. परत आल्यावर गणिताचा धडा कुठल्या कुठे गेलेला असतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत हा खाडा पाच-सहा महिन्यांचा होतो. मुकादमाकडून घेतलेली उचल नवराबायकोच्या 'कोयत्या'वर फेडायची असते. दिवाळीनंतर टोळी निघते. मागे सांभाळायला आजी असेल तर मूल गावात राहते, नसेल तर फडावरच्या कोपीत. तिथे बारा-तेरा वर्षांची मुलगी भाकरी थापते, तान्ह्याला सांभाळते, मुलगा वाढ्याच्या पेंढ्या बांधतो. यावर महाराष्ट्राने उपाय केले नाहीत असे नाही. कारखान्यांवर साखर शाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे आली, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आले. माझे मत असे की यातला सर्वांत चांगला विचार हंगामी वसतिगृहाचा होता, कारण त्यात मूल आपल्याच शाळेत, आपल्याच शिक्षकांजवळ राहते. अडचण अशी की वसतिगृह मंजूर होऊन पैसे येईपर्यंत टोळ्या निघून गेलेल्या असतात. ऑक्टोबरमध्ये लागणारी गोष्ट डिसेंबरमध्ये मिळाली तर तिचा उपयोग उरत नाही.

आता भाषेकडे येतो, कारण मैंदर्गीच्या पट्ट्यात ती टाळून पुढे जाता येत नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि सांगलीतल्या जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, आणि त्या असणे ही महाराष्ट्राच्या श्रेयाची गोष्ट आहे. बालभारती कन्नडसह आठ भाषांत पाठ्यपुस्तके काढते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकता यावे म्हणून १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५० (अ) आले. पण हे कलमही प्राथमिक टप्प्यापुरतेच आहे. म्हणजे हक्क पुन्हा त्याच वयाच्या आसपास संपतो.

त्याचा परिणाम असा होतो. घरी कन्नड बोलणारे मूल कन्नड माध्यमात चांगले शिकते. पुढे कधी आठवीत, कधी दहावीनंतर, त्याला माध्यम बदलावे लागते. अकरावीला विज्ञान घेतले तर इंग्रजी. कला किंवा वाणिज्य घेतले तर बहुतेक ठिकाणी मराठी. मराठी त्याने विषय म्हणून शिकलेली असते, इतिहासाचे पान वाचून त्यावर चार ओळी लिहिण्याइतकी नव्हे. दुसरीकडे, कन्नड बोलणाऱ्या घरातून थेट मराठी शाळेत घातलेले मूल पहिलीलाच अडखळते. बाई काय म्हणतात ते कळायला त्याचे वर्ष जाते, आणि ते 'मंद' ठरते. शिकण्याचा पाया मातृभाषेत घालावा हे युनेस्कोने १९५३ पासून सांगितले आहे. पण पाया घालून मग पुढच्या भाषेत हात धरून नेणारा वर्ग कुठे आहे? आठवीच्या आणि दहावीच्या उन्हाळ्यात दोन महिन्यांचे मराठी-इंग्रजीचे सेतुवर्ग घेणे, दोन्ही भाषा जाणणारे शिक्षक सीमेवरच्या माध्यमिक शाळांत ठरवून नेमणे, याला फार पैसा लागत नाही.

या पट्ट्यावर दोन्ही राज्यांनी भरपूर शब्द खर्च केले आहेत. सीमावादावरच्या १९६७ च्या महाजन आयोगाने अक्कलकोट कर्नाटकाला द्यावे म्हटले, महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २०२२ च्या अखेरीस अक्कलकोट तालुक्यातल्या काही सीमावर्ती गावांनी रस्ते-पाणी-सोयी मिळत नाहीत म्हणून कर्नाटकात जाण्याची भाषा केली, तेव्हा मंत्री, वाहिन्या, सगळे धावले. जमीन कोणाची, यावर साठ वर्षे वाद चालतो. या जमिनीवरच्या नववीतल्या मुलीने अकरावीला कोणत्या भाषेत शिकायचे, यावर कोणत्याही सभागृहात तासभर चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

शाळेच्या आतली कारणेही आहेतच. स्वच्छतागृहाला पाणी नसेल तर मासिक पाळी सुरू झालेली मुलगी महिन्यातून चार दिवस घरी राहते, हे आता सर्वांना कळले आहे. त्याहून कमी बोलले जाते ते न समजण्याबद्दल. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या अहवालात चौदा ते अठरा वयाच्या सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. असे मूल आठवीपर्यंत वर ढकलले जाते आणि नववीत पहिल्यांदा नापास होते. आठवीपर्यंत नापास न करण्याच्या धोरणाला यासाठी दोष दिला गेला, २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि महाराष्ट्राने पाचवी-आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. मला हा बदल पटत नाही. चौथीत वाचता न येणाऱ्या मुलाला पाचवीत थांबवल्याने ते वाचायला शिकत नाही. त्याला फक्त काही वर्षे आधी घरी बसायचे कारण मिळते.

मग टिकवते काय? जगात याचे पुरावे आता भरपूर जमले आहेत. बांगलादेशाने १९९४ पासून खेड्यांतल्या माध्यमिक शाळेतल्या मुलींना विद्यावेतन दिले, आणि त्याच्या अटींत हजेरीबरोबर 'लग्न करायचे नाही' ही अटही होती. त्या देशात माध्यमिक शाळेत मुली मुलांच्या बरोबरीला आल्या. मेक्सिकोने १९९७ मध्ये सुरू केलेल्या रोख मदतीच्या योजनेत रक्कम वरच्या इयत्तेबरोबर वाढत जाई आणि माध्यमिक इयत्तांत मुलींना मुलांपेक्षा जास्त मिळे, कारण गळतीचा धोका तिथे जास्त होता. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतली मुलींची संख्या ३२ टक्क्यांनी वाढलेली आढळली, आणि वाढ मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटरपेक्षा दूरच्या गावांत होती. डॉमिनिकन प्रजासत्ताकात आठवीतल्या मुलांना शिकल्यावर कमाई खरोखर किती वाढते ते नुसते सांगितले, तरी पुष्कळ मुले जास्त काळ शिकली. पण अगदी गरीब घरांतल्या मुलांवर त्या माहितीचा जवळजवळ परिणाम झाला नाही. त्यांना माहिती पटली असेल, पण पैसे नव्हते. प्रबोधनाच्या फेऱ्या काढणाऱ्या आपल्या यंत्रणेने हा निष्कर्ष नीट वाचावा.

महाराष्ट्राकडे योजना कमी नाहीत. मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास आहे, दुपारचे जेवण आहे. पण पैसे कुठल्या वयाला पोहोचतात ते पाहा. दारिद्र्यरेषेखालच्या दलित, आदिवासी, भटक्या समाजांतल्या मुलींना उपस्थिती भत्ता ठेवला तो पहिली ते चौथीसाठी, रोजचा १ रुपया, आणि तो वर्षानुवर्षे १ रुपयाच राहिला. २०२३ ची 'लेक लाडकी' योजना मुलीला जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये देते. विचार उत्तम आहे. पण ती १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे, आणि त्यातली पहिली मुलगी अकरावीचा हप्ता घेईल ते साल २०३९ च्या आसपासचे असेल. २०२४ मध्ये मुलींचे व्यावसायिक उच्च शिक्षण मोफत झाले, त्याचा लाभ बारावीपर्यंत टिकलेल्यांना. आज आठवीत बसलेली गरीब घरातली मुलगी या दोन्हींच्या मधल्या रिकाम्या जागेत आहे. तिच्या बापाला पुढच्या चार वर्षांत महिन्याला काय मिळेल, या प्रश्नाला सरकारकडे समाधानकारक उत्तर नाही.

पैशाशिवायही काही घडते, हे सोलापूर जिल्ह्यानेच दाखवले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत काम केलेले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्या वेळी गाजले ते पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड. पुरस्कार देणाऱ्यांनी मात्र त्याबरोबर मुलींची पूर्ण हजेरी आणि गावात थांबलेले बालविवाह यांचाही उल्लेख केला होता. त्याच्या कितीतरी आधी पालघरच्या बाजूला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने वेळ, जागा आणि भाषा बदलून मुलाकडे जावे, हे मराठी शिक्षणाच्या परंपरेत आहे. 'बालरक्षक' म्हणून स्वतःहून शाळाबाह्य मुले शोधणारे शिक्षक आजही ते करतात. निवडणूक, जनगणना, ऑनलाइन माहिती भरणे यांतून वेळ काढून करतात.

मोजणीबद्दल एकच सांगतो. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांची पाहणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावली गेली, आणि निघालेला आकडा इतका लहान होता की या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी तो मानलाच नाही. २०२२ च्या जुलैमध्ये पुन्हा 'मिशन झीरो ड्रॉपआउट' झाले. जुलै हा या कामाचा महिना नाही. जुलैत टोळ्या गावातच असतात, आणि मुलगी कागदोपत्री कुठेतरी दाखल असते. मोजायचे तर डिसेंबरमध्ये आणि मार्चमध्ये मोजावे लागेल, आणि चौदाच्या पुढच्यांनाही मोजावे लागेल.

कायद्याची वयोमर्यादा अठरापर्यंत न्यावी, ही मागणी आता आमदार-खासदारांपुढे सातत्याने जायला हवी, आणि सीमेवरच्या तालुक्यांसाठी भाषेच्या सेतुवर्गांची मागणी तिच्याबरोबर जावी. ते होईल तेव्हा होईल. तोवर मैंदर्गीत, दुधनीत, अक्कलकोटात किंवा तुमच्या गावात, वाचकहो, एवढे करा. येत्या मे महिन्यात आठवीचा निकाल लागल्यावर आपल्या गल्लीतल्या प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन विचारा, तिचा नववीचा प्रवेश कोणत्या शाळेत झाला आणि ती तिथे जाणार कशी. उत्तर मिळाले नाही, तर तिचा दाखला घेऊन तिच्या आईबापांबरोबर त्या शाळेत तुम्ही स्वतः जा.